मिठागरं भरण्याआधी तिथलं लाल पाणी तरी तपासा

प्रति,
मा. संपादक,
स. न.

तुमच्या पेपरात मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधण्यावरून सतत बातम्या येतायत, वाचकांची पत्रंही येतायत, आणि ती सगळी वाचून मला एकच वाटतं की दोन्ही बाजूंची माणसं तिथे काहीच नाही असं धरून बोलतायत. बांधा म्हणणारे म्हणतात जागा रिकामी पडलीय, आणि बांधू नका म्हणणारे फ्लेमिंगो आणि पुराचं पाणी एवढ्यावरच थांबतात. ते मुद्दे मला मान्य आहेत, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी मुरायला, पसरायला मोकळी जागा असणं म्हणजे काय ते आम्ही पूर्व उपनगरातल्या लोकांनी बघितलंय. पण तिसरी एक गोष्ट आहे जी कुणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण शक्यतो कापू नका.

मी मुलुंडला राहते, नोकरीभर कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवलं, आता रिटायर आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी कांजूर, भांडुप, मुलुंडकडची २५५.९ एकर मिठागराची जमीन द्यायचं ठरवलं. धारावीतल्या माणसांना पक्कं घर मिळालं पाहिजे याबद्दल माझ्या मनात अजिबात दुमत नाही, ते आधीच लिहून ठेवते, नाहीतर लगेच बिल्डरविरोधी की विकासविरोधी असे शिक्के बसतात. मला एवढंच म्हणायचंय की भराव टाकण्याआधी तिथल्या पाण्यातले आणि चिखलातले जंतू गोळा करून नीट जपून ठेवा. हो, जंतू. हसू नका, पुढचं वाचा.

मिठागर चालतं कसं ते आधी सांगते, कारण आता आपल्याकडची बरीच मिठागरं बंद पडलीत आणि नवीन पिढीने ते बघितलेलं नाही. पावसाळा संपला की भरतीचं खाडीचं पाणी आत घेतात, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पुढे सोडत जातात आणि उन्हाने ते आटत जातं. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के असतं, शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पंचवीस टक्क्यांच्या वर जातं आणि मग मिठाचे खडे बसायला लागतात. आता गंमत अशी की प्रत्येक वाफ्यातली वस्ती वेगळी. सुरुवातीच्या पाण्यात मासे, शेवाळं, सगळं असतं, मधल्या वाफ्यांत बारीक कोळंबीसारखे आर्टेमिया दिसतात, आणि अगदी शेवटी जिथे मासा टाकला तर मरेल तिथे पाणी लालगुलाबी होतं. तो लाल रंग घाणीचा नाही की केमिकलचा नाही, तो जिवंत आहे. त्यातला काही भाग डुनालिएला नावाच्या शेवाळाचा आणि बराचसा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. आणि या लाल पाण्याचा मीठवाल्यांना फायदाच होतो, कारण लाल पाणी ऊन जास्त शोषतं, लवकर तापतं, लवकर आटतं.

आता बघा, आपण लोणच्यात मीठ कशाला घालतो? जंतू वाढू नयेत म्हणून. मीठ त्यांच्या पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि ते सुकून मरतात. मग हे लाल पाण्यातले कसे जगतात? यांची युक्ती अशी की बाहेर मीठ आहे ना, मग आतही तेवढंच भरायचं. सोडियम बाहेर ढकलतात आणि पोटॅशियम क्लोराईड पेशीत खच्चून भरून घेतात, म्हणजे आतबाहेर तोल सारखा, पाणी ओढलं जायचा प्रश्नच नाही. पण एवढ्या क्षारात साधी प्रोटिन्स गोळा होऊन खाली बसतात, म्हणून यांची प्रोटिन्सच वेगळी असतात, त्यांच्या अंगावर ऋण (निगेटिव्ह) विद्युतभार भरपूर असतो आणि तो पाण्याचे रेणू धरून ठेवतो. त्याची किंमत अशी की मीठ कमी झालं की तीच प्रोटिन्स मोडतात. म्हणजे हे मिठात तग धरतात असं नाही, यांना मिठाशिवाय जगताच येत नाही.

हे मी विद्यार्थ्यांना मायक्रोस्कोपखाली स्लाईडवर दाखवायचे. लाल पाण्याचा थेंब, वर काचेची पातळ चकती म्हणजे कव्हरस्लिप, फोकस केलं की बारीक काड्या हलताना दिसतात. मग कव्हरस्लिपच्या कडेला डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोडायचा आणि डोळा आयपीसवरून हलवायचा नाही. पाणी जसजसं आत सरकतं तसतशा त्या काड्या फुगतात, गोल होतात आणि फुटून दिसेनाशा होतात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसत गेल्यासारखं. टेस्टट्यूबमध्ये तेच केलं तर लालगढूळ पाणी नितळ होतं आणि चिकट होतं, कारण पेशींतला डीएनए बाहेर आलेला असतो. पोरांना जे पाणी आपण पितो त्याने कुणी मरतं हे पटायलाच वेळ लागायचा. एकदा एका कोळीवाड्यातल्या मुलीने विचारलं, मॅडम, आमच्याकडे खारवलेला मासा कधीकधी लाल पडतो आणि आजी तो फेकून देते, ते हेच का? म्हटलं, अगं हेच. मिठागराच्या मिठातून ते माशावर येतात. मिठाचा खडा तयार होताना त्यात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि त्या थेंबात हे जीव वर्षानुवर्षं राहू शकतात. शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी या जंतूंचा पहिला अभ्यास केला तोही लाल पडलेल्या खाऱ्या माशांवरूनच. त्या मुलीच्या आजीला जे ठाऊक होतं तिथूनच हे सगळं शास्त्र सुरू झालंय.

(शास्त्राच्या लोकांनी पत्र पाठवण्याआधीच सांगते, यातले बरेचसे काटेकोरपणे बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया आहेत, १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी ती जीवसृष्टीची वेगळीच शाखा आहे हे दाखवलं. पण मिठागरात खरे बॅक्टेरियाही असतात आणि या पत्रापुरतं सगळ्यांना जंतू म्हटलं तर चालेल.)

आता मुख्य मुद्दा. स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर अलिकांते म्हणून शहर आहे, त्याच्या शेजारी सांता पोलाची मिठागरं. तिथल्या पाण्यात हॅलोफेरॅक्स मेडिटेरानी नावाचा जंतू मिळाला होता. फ्रान्सिस्को मोहिका नावाचा तिथल्या युनिव्हर्सिटीतला पीएचडीचा विद्यार्थी या जंतूवर काम करत होता, विषय काय, तर मीठ कमीजास्त झालं की त्याच्या जीन्समध्ये काय फरक पडतो. म्हणजे ज्याला आज कुठलीही कमिटी विचारेल की याचा उपयोग काय, असा विषय. त्याला त्या डीएनएमध्ये एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आलेला दिसला. १९९३ मध्ये त्याने ते छापलं. असे तुकडे जपानी शास्त्रज्ञांना १९८७ मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियात दिसले होते पण त्याचं काय करायचं ते कुणालाच कळलं नव्हतं. मोहिकाने मात्र पिच्छा सोडला नाही, दहा वर्षं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की दोन तुकड्यांच्या मधला मजकूर व्हायरसच्या डीएनएशी जुळतो, म्हणजे असे जंतू आपल्यावर हल्ला करणाऱ्या व्हायरसची नोंद ठेवतायत, ही त्यांची रोगप्रतिकारशक्ती आहे. मोठमोठ्या जर्नल्सनी तो पेपर नाकारला, २००५ मध्ये कसाबसा छापून आला. त्यालाच आज सगळं जग क्रिस्पर म्हणतं. २०१२ मध्ये एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाऊडना यांनी त्यातून जीन कापायची कात्री केली, त्यातलं कापणारं एन्झाइम दुसऱ्या बॅक्टेरियाचं, मिठागरातलं नाही, हे खरंय, पण त्या दिशेला पहिली बोटं दाखवली ती मिठागरातल्या जंतूने. २०२० चं नोबेल त्या दोघींना मिळालं. मोहिकाला त्यात वाटा मिळाला नाही याची मला आजही हळहळ वाटते.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली, कशासाठी, तर सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी. सिकलसेल म्हणजे आपल्या गडचिरोलीत, नंदुरबारात, मेळघाटात घरोघरी माहीत असलेला आजार. आता सांगा, सांता पोलाच्या मिठागरावर १९८० साली कुणी टॉवर बांधले असते तर? कदाचित दुसऱ्या कुठल्या रस्त्याने हे सापडलं असतं, कदाचित वीस वर्षं उशिरा सापडलं असतं. आजारी पोराच्या आईला वीस वर्षं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

हे एकच उदाहरण नाही हो. करोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, आरटीपीसीआर. ती टेस्ट फेरीफेरीने डीएनएच्या प्रती काढते, त्यासाठी डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या करायला मिश्रण दर फेरीला पंच्याण्णव डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं आणि त्या उष्णतेत न मोडणारं एन्झाइम लागतं. ते पहिल्यांदा मिळालं थर्मस अॅक्वॅटिकस या बॅक्टेरियात. १९६० च्या दशकात अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना तो सापडला, साध्या कुतूहलापोटी, सत्तर डिग्रीच्या पाण्यात कोण राहतं बघू म्हणून. १९८३ मध्ये कॅरी म्युलिसने पीसीआरची, म्हणजे या प्रती काढायच्या पद्धतीची, कल्पना काढली तेव्हा आधीचं एन्झाइम दर फेरीला मरायचं आणि नवीन घालावं लागायचं, मग हे झऱ्यातलं एन्झाइम वापरलं आणि मशीन आपोआप चालायला लागलं. म्युलिसला १९९३ चं नोबेल मिळालं. पीसीआरचे हक्क तीस कोटी डॉलरला विकले गेले, आणि ज्या पार्कातून तो बॅक्टेरिया आला त्या यलोस्टोनला त्यातला एक पैसा मिळाला नाही. तेव्हा त्यांचे डोळे उघडले आणि १९९७ मध्ये त्यांनी एका कंपनीशी करार केला की इथल्या जंतूंतून कमाई झाली तर पार्कचा हिस्सा. आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची कुंडं आहेत, मुंबईपासून दोन अडीच तासांवर, तिथे आपण पाय बुडवून येतो, पण ते पाणीही या नजरेने बघायला हवं. तो वेगळा विषय आहे, परत कधी लिहीन.

मिठागरापुरतं बोलायचं तर दुसरी एक जमात आहे, हॅलोमोनास. हे खरे बॅक्टेरिया, यांची युक्ती वेगळी. हे मीठ आत घेत नाहीत, त्याऐवजी एक्टोइन नावाचा पदार्थ स्वतः बनवून पेशीत साठवतात, तो पाणी धरून ठेवतो आणि प्रोटिन्सना सांभाळतो. हा एक्टोइन आज त्वचेच्या क्रीममध्ये, नाकाच्या स्प्रेमध्ये, डोळ्यांच्या थेंबांत घालतात. काढायची पद्धत मला फार आवडते. बॅक्टेरिया आधी खूप खाऱ्या पाण्यात वाढवायचे, मग एकदम कमी खाऱ्या पाण्यात घालायचे, फुटू नये म्हणून ते घाईघाईने एक्टोइन बाहेर सोडतात, तो गाळून घ्यायचा आणि त्यांना परत खाऱ्या पाण्यात सोडायचं की ते परत भरून घेतात. जर्मनीत याला चक्क बॅक्टेरियाचं दूध काढणं म्हणतात. मारायचं नाही, काही नाही.

याच जमातीपासून आणि त्या हॅलोफेरॅक्सपासून जमिनीत कुजणारं प्लॅस्टिकही बनतं, हे जंतू खायला जास्त मिळालं की पीएचए नावाचा पॉलिमर पेशीत साठवतात. एरवी असल्या कारखान्यात टाक्या, नळ्या, सगळं वाफेने निर्जंतुक करावं लागतं आणि त्यात पैसा जातो, पण एवढ्या खाऱ्या पाण्यात दुसरा जंतू येऊन वाढणारच नाही, म्हणून टाकी उघडी ठेवली तरी चालते, समुद्राचं पाणी वापरलं तरी चालतं. गोड्या पाण्यासाठी तहानलेल्या आपल्या शहराला हे कळायला नको का? कपड्यांच्या साबणातही हेच, जपानमध्ये कोकी होरिकोशी यांनी सोड्यासारख्या अल्कलाईन पाण्यात जगणारे बॅक्टेरिया शोधले आणि १९८७ मध्ये तिथे त्या तऱ्हेच्या बॅक्टेरियाचं एन्झाइम घातलेली वॉशिंग पावडर बाजारात आली, कमी पावडरीत कपडे निघायला लागले.

आणि हे सगळं परदेशातच होतं असं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याच ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये (भाभा अणुसंशोधन केंद्रात) डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाच्या बॅक्टेरियावर कितीतरी वर्षं काम झालंय. ज्या रेडिएशनच्या हजाराव्या भागाने माणूस दगावतो ते हा जंतू सोसतो, त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते परत जोडतो. २००६ मध्ये बीएआरसीच्या शास्त्रज्ञांनी त्यात दुसऱ्या बॅक्टेरियाचं जीन घालून तो पाण्यातलं युरेनियम साक्याच्या रूपात खाली बसवू शकतो हे दाखवलं. अणुकचरा साफ करायला असा कामगार दुसरा नाही. लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा सगळे फोटो काढायला धावले, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की मीठप्रेमी आर्कियामुळे. म्हणजे माणसं आहेत, लॅब आहेत, ज्ञान आहे. लोणारला जे आश्चर्य म्हणून बघायला गेलो ते आपल्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या बाजूला, लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या वाफ्यांत आहे, त्याचं मात्र कुणाला काही नाही.

मला काही लोक म्हणतात, मॅडम, जंतू काय सगळीकडे सारखेच, भाईंदरला आहेत, वसईला आहेत, उरणला आहेत, इथले गेले तर काय बिघडलं. काही जाती सारख्या असतीलही. पण ठाण्याच्या खाडीचं पाणी साधं नाही, त्यात इतकी वर्षं शहराचं सांडपाणी आलंय, कारखान्यांचं पाणी आलंय, जड धातू आलेत, आणि तेच पाणी या वाफ्यांत आटून घट्ट झालंय. मीठही सोसायचं आणि वर ते विषही सोसायचं, असं जगायला शिकलेला जंतू शोधायचा तर इथेच शोधायला हवा. खाऱ्या केमिकल सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटमध्ये साधे बॅक्टेरिया मिठाने मरतात ही मोठी अडचण आहे, त्यावर असाच एखादा उपयोगी पडू शकतो. पडेलच असं मी म्हणत नाही. पण भराव टाकल्यावर शोधताही येणार नाही ना.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. ज्या ज्या मिठागराच्या जमिनीवर काम सुरू होणार आहे तिथलं पाणी, चिखल आणि मिठाचे थर यांचे नमुने आधी घ्यावेत, वेगवेगळ्या खारेपणाच्या वाफ्यांतून घ्यावेत, एकाच खड्ड्यातून बाटली भरून मोकळं होऊ नये. ते जंतू वेगळे करून पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्समध्ये ठेवावेत, तिथे ते गोठवून वर्षानुवर्षं जिवंत ठेवायची सोय आहे, आणि जे लॅबमध्ये वाढत नाहीत त्यांचा निदान डीएनए वाचून ठेवावा. खर्च किती, तर एवढ्या मोठ्या प्रकल्पात तो हिशोबातसुद्धा दिसणार नाही. मुंबईतली मायक्रोबायॉलॉजीची कॉलेजं यात घ्या, पोरं आनंदाने येतील, त्यांना प्रोजेक्टला विषय मिळत नाहीत म्हणून ती तीच तीच दह्यातले बॅक्टेरिया आणि हात धुण्याआधीचे हात धुतल्यानंतरचे असली कामं करत बसतात. फक्त त्यांना आधी सांगा की धीर धरा, पंचवीस टक्के मीठ घातलेल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर लाल ठिपके दिसायला दोन दोन आठवडे लागतात आणि प्लेट पिशवीत बांधून ठेवली नाही तर ती सुकून वर नुसता मिठाचा थर राहतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत झाडं, पक्षी, मासे येतात, मिठागराचे जंतूही आले पाहिजेत. नोंद असली की उद्या त्यातून कुणी औषध नाहीतर एन्झाइम काढलं तर मुंबईचा आणि मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांचा हिस्सा मागता येईल, नाहीतर आपलंही यलोस्टोनच होणार. मीठ पिकवणाऱ्यांमध्ये आगरी समाजाची कितीतरी घरं आहेत, कुठल्या वाफ्याचं पाणी कधी लाल होतं हे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे, ते लिहून घेणारं कुणी नाही. नमुने घ्यायला जाल तेव्हा त्यांना बरोबर घ्या, मानधन द्या.

आणि शक्य असेल तर दोन चार वाफे चालू स्थितीत ठेवा, संपूर्ण मिठागर ठेवा असं मी म्हणत नाही, त्याचा निर्णय माझ्या हातात नाही. पण चालू वाफे असले तर शाळेतली मुलं येऊन बघतील, आणि खाडीचं पाणी आत येऊन आटत राहिलं तरच ती वस्ती टिकते, फ्रीजरमधल्या बाटलीत ती फक्त झोपून राहते.

संबंधित खात्यांनी हे मनावर घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवावं, नमुने घ्यायचा काळ म्हणजे मार्च ते मे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वाफ्यातलं पाणी पातळ होतं, रंग जातो, आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व)